मालवणच्या पेटीतले क्लॅरिनेट : तपास कुठवर आला

मालवणच्या एका जुन्या बँड पथकाच्या पेटीतून मला मिळालेले क्लॅरिनेट (फुंकून वाजवायचे, चाव्यांचे नळीवाद्य) लाकडी आहे, असे मी पहिल्या नोंदीत लिहिले होते. ती चूक आधी दुरुस्त करतो. यंदा भर आषाढात माझ्या स्वतःच्या लाकडी क्लॅरिनेटचे सांधे फुगून आवळले, या पेटीतल्याचे मात्र सहज सुटत राहिले, तेव्हा शंका आली. खालचा सांधा, म्हणजे नळीचा खालचा तुकडा, सुती फडक्याने ऊब येईपर्यंत घासला, तर गंधकाचा वास आला. शिवाय चाव्यांखालचा भाग काळाभोर आणि उजेड लागलेला भाग हिरवट तपकिरी आहे. हे एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर आहे. उष्ण हवेत लाकूड तडकते, म्हणून लष्करी बँडांसाठी अशी वाद्ये बनवत असत.

चाव्या १३ आणि छिद्रांभोवतीच्या कड्या २, म्हणजे ही चाव्यांच्या मांडणीची साधी, जुनी, आपल्या बोलण्यातली अल्बर्ट पद्धत. चाव्यांच्या नव्या मांडणीचे, म्हणजे बोएम पद्धतीचे, पेटंट १८४४ सालचे असले तरी जुनी पद्धत विसाव्या शतकातही चालू राहिली, त्यामुळे केवळ चाव्या मोजून वय ठरत नाही.

खरा उलगडा सुरांनी केला. सुराची उंची मोजणारा ट्यूनर लावून पाहिले, तर बोटे न ठेवता वाजणारा सूर जवळजवळ बरोबर, पण सगळी छिद्रे झाकून निघणारे खर्जातले सूर स्पष्ट चढे लागत होते. फुंकायच्या तोंडाखालचा (माउथपीसखालचा) जोडतुकडा, म्हणजे बॅरल, तेवढा लाकडी आहे, हे लक्षात आल्यावर कारण सापडले. मूळ बॅरल काढून कोणीतरी लांब बॅरल बसवला आहे. त्याने लांबी वाढते, पण आखूड नळीचे सूर जास्त उतरतात आणि लांब नळीचे कमी. माझ्या क्लॅरिनेटचा आखूड बॅरल लावल्यावर सारेच सूर सुमारे अर्ध्या अर्धस्वराने चढे, पण आपापसांत जुळलेले निघाले. वाद्ये जुळवायचा ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० ऐवजी सुमारे ४५२ कंपनांचा धरणारा हा ब्रिटिश बँडांचा जुना उंच स्वर, जो तिकडच्या लष्करी बँडांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस सोडला.

त्यानंतर वरच्या सांध्यावर खडूची पूड चोळून तिरपा उजेड टाकला, तेव्हा ‘एच.पी.’ ही अक्षरे आणि त्याखाली ‘लंडन’ उमटले. पहिली अक्षरे उंच स्वराची (हाय पिच) खूण आहेत, कारागिराचे नाव नव्हे. लंडनवरूनही जन्मस्थान ठरत नाही, कारण तिथले विक्रेते फ्रान्समध्ये बनलेल्या वाद्यांवर आपला शिक्का मारीत.

पितृपक्षात बँडला काम नसते. त्या दिवसांत चाव्या उतरवून त्यांच्या पाठीवर जुळणीचे (कोणती चावी कुठे बसते ते सांगणारे) आकडे आहेत का, ते पाहीन.