आमची वाटचाल : नॉवेलच्या काळापासून

१९९३ साली सांगलीत आम्ही दोघा भागीदारांनी संगणकांचं नेटवर्क टाकून देणारी फर्म सुरू केली ती नेटवेअरच्या भरवशावर. नेटवेअर म्हणजे अनेक पीसी एका सर्व्हरला जोडणारं, नॉवेल कंपनीचं सॉफ्टवेअर. तेव्हा पतसंस्था, सहकारी बँका आणि साखर कारखाने संगणकीकरणाच्या मागे लागले होते आणि ‘नेटवर्क टाकायचं’ म्हणजे ‘नॉवेल टाकायचं’ असंच सगळे म्हणायचे. आज आमच्याकडे कामाला लागणाऱ्या मुलांना हे नावही माहीत नसतं. म्हणून आमच्या फर्मची हकीकत सांगताना त्या कंपनीची सांगणं मला आवश्यक वाटतं.

नॉवेल ही अमेरिकेतल्या युटा राज्यातली कंपनी. सुरुवातीला ती संगणक बनवायची आणि त्यात तिचं बस्तान काही बसेना. १९८१च्या सुमारास ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या तरुणांचा एक गट तिथे कामाला आला. ड्रू मेजर, डेल नीबॉर आणि काइल पॉवेल. पुढे हा गट ‘सुपरसेट’ नावाने ओळखला गेला. त्या वेळी इतर कंपन्या सर्व्हरच्या डिस्कचे तुकडे पाडून पीसींना वाटून द्यायच्या. या मुलांनी डिस्क न वाटता फाइल वाटली. कोणती फाइल कोणी उघडली आहे आणि कोणता रेकॉर्ड कोणी धरून ठेवला आहे, हे सर्व्हर स्वतः सांभाळू लागला. एका खात्यावर दोन काउंटरवरून एकाच वेळी नोंद करता येते ती याच विचारामुळे.

१९८३मध्ये रे नूर्डा यांनी सूत्रं हाती घेतली. हार्डवेअर कोणाचंही असो, आपलं सॉफ्टवेअर त्यावर चाललं पाहिजे, हे त्यांचं धोरण. नेटवर्क कार्डं स्वस्त झाली तरच नेटवर्क वाढेल हे ओळखून कंपनीने स्वतःची साधी कार्डं बाजारात आणली. त्यातल्या एनई२००० या कार्डाची नक्कल इतक्या जणांनी केली की आमच्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येक खोक्यावर ‘एनई२००० कम्पॅटिबल’ छापलेलं असायचं. आमच्यासारख्या लहान फर्मला तालुक्याच्या गावी नेटवर्क परवडेल अशा दरात देता आलं, त्यामागे हे धोरण होतं.

त्या काळची केबल म्हणजे काळी कोअ‍ॅक्स. एका पीसीकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, प्रत्येक ठिकाणी टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा ५० ओहमचा रोध. अशा एका सलग लाइनची, म्हणजे सेगमेंटची, मर्यादा १८५ मीटर. झाडूवाल्या मावशींचा धक्का लागून एक कनेक्टर सैल झाला की अख्खी शाखा बंद. मग आम्ही मल्टिमीटर घेऊन बसायचो. लाइन धड असेल तर २५ ओहमच्या आसपास आकडा यायचा, कारण दोन टर्मिनेटर समांतर. ५० दाखवला की समजायचं, कुठेतरी तुटली आहे किंवा एक टर्मिनेटर गेला आहे. मग मधोमध सोडवायचं, दोन्ही बाजू तपासायच्या, पुन्हा अर्ध्यात जायचं. बाहेर सभासद रांगेत उभे आणि मॅनेजर आमच्या खांद्यावरून डोकावताहेत, अशा वेळी हात शांत ठेवायला आम्ही तिथेच शिकलो.

सर्व्हरबद्दल मात्र तक्रार क्वचितच यायची. नेटवेअरची ३.१२ आवृत्ती साध्या ४८६ प्रोसेसरच्या मशीनवर पंचवीस जणांना आरामात सांभाळायची. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारं मिररिंग होतं. टीटीएस ही व्यवहार सांभाळणारी सोय होती; तिची खूण केलेल्या फाइलीत लिहिताना वीज गेली, तर अर्धवट राहिलेला व्यवहार सर्व्हर पुन्हा उठल्यावर मागे फिरवला जायचा. लोडशेडिंगच्या भागात याची किंमत काय, ते कॅश जुळवणाऱ्या माणसालाच विचारावं. सर्व्हरची स्थिती दाखवणाऱ्या मॉनिटर मोड्यूलच्या स्क्रीनवर एक साप फिरायचा. सर्व्हरवर ताण वाढला की त्याची शेपटी लांब व्हायची. शाखेतले शिपाईसुद्धा फोनवर सांगायचे, ‘साहेब, साप मोठा झालाय.’

मग अशी कंपनी गेली कशी? माझ्या मते तिने आपलं लक्ष विखुरलं. १९९३मध्ये एटी अँड टीकडून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा व्यवसाय घेतला, १९९४मध्ये मजकूर लिहिण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी वर्डपरफेक्ट कंपनी घेतली, आणि दोनच वर्षांत ती फार कमी किमतीला कोरेलला विकून टाकली. त्याच काळात मायक्रोसॉफ्टची सर्व्हरसाठीची विंडोज एनटी पुढे येत होती. एनटीवर डेटाबेस आणि प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालवणं सोपं होतं, नेटवेअरसाठी तसं लिहिणं हे मोजक्या लोकांचं काम. नॉवेलचा स्वतःचा आयपीएक्स सोडून इंटरनेटचा टीसीपी/आयपी हा नेटवेअरचा मूळ प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत) झाला तो १९९८च्या पाचव्या आवृत्तीत, तोवर इंटरनेट घराघरांत निघालं होतं. एनडीएस ही डिरेक्टरी, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्या वापरकर्त्यांची आणि साधनांची एकच नोंदवही, नॉवेलने १९९३मध्येच दिली होती. मायक्रोसॉफ्टची तशी सोय २०००मध्ये आली, तरी बाजार तिच्याच मागे गेला. याचं मला आजही वाईट वाटतं.

१९९७पासून चार वर्षं एरिक श्मिट प्रमुख होते, पुढे ते गूगलमध्ये गेले. २००३मध्ये नॉवेलने लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम पुरवणारी सुसे कंपनी घेण्याचा सौदा केला. पण २०११मध्ये अटॅचमेटने कंपनीच विकत घेतली. नंतर ती मायक्रो फोकसकडे, आणि २०२३मध्ये ओपनटेक्स्टकडे गेली.

आम्ही कोअ‍ॅक्स काढून यूटीपी (पीळ दिलेल्या तारांची केबल) ओढली, हब गेले, स्विच आले, एनटी आणि लिनक्स दोन्ही शिकलो. कोअर बँकिंगनंतर, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर गेल्यावर, शाखांमधला सर्व्हरच उठला आणि आमचं काम लिंक, फायरवॉल आणि स्विचवर आलं. तरीही नव्या मुलाला आम्ही आधी हातात मल्टिमीटर देतो. अर्थिंग तपासायचं, केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावायचं, शाखेचा नकाशा कागदावर काढायचा, आणि मगच लॅपटॉप उघडायचा.