एकच गाडी चालू असलेला पार्क

चकाचक नव्या थीम पार्कचे व्हिडिओ मला दोन मिनिटांत बोअर होतात. पण ज्या पार्कचा रंग उडालाय, निम्म्या राइडना साखळी लावलीय, स्पीकरवर तेच ते म्युझिक खरखरत वाजतंय आणि तरी तिकीट खिडकी उघडी आहे असा एखादा व्हिडिओ समोर आला की मी झोप घालवून तो शेवटपर्यंत बघते आणि मग त्या पार्कचा सगळा इतिहास खणत बसते. घरच्यांच्या मते हा रिकामटेकडेपणा आहे. असेल.

बंद पडल्यावर झाडंझुडपं माजलेल्या पार्कवर सगळेच लिहितात, फोटोही जबरदस्त येतात ना. मला त्याच्या आधीची वर्षं जास्त इंटरेस्टिंग वाटतात, म्हणजे पार्क चालू आहे, सुट्टीच्या दिवशी पार्किंगसुद्धा भरतंय, आणि आतल्या आत तो बंद पडत चाललाय. शेवटच्या प्रेसनोटमध्ये 'यंदा पाऊस फार झाला', 'मंदी आली', 'लोकांच्या आवडी बदलल्या' असलं काहीतरी असतं. ते खोटं नसतं, पण तो फक्त शेवटचा धक्का असतो, पोखरायचं काम त्याच्या किती तरी आधी होऊन गेलेलं असतं. आणि ते ओळखायला कंपनीचा ताळेबंद लागत नाही, रोलर कोस्टरच्या रांगेत उभं राहिलं तरी कळतं.

कसं ते सांगते. मोठ्या कोस्टरला साधारण दोन किंवा तीन गाड्या असतात. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते, पुढची सरकली नसेल तर मागचीला आपोआप ब्रेक लागतो. त्यामुळे एक गाडी वर फिरतेय तोवर खाली दुसरीत लोक बसतायत असं चालू राहतं आणि रांग भराभर पुढे जाते. उतरणीला लागलेल्या पार्कात काय होतं, तर एकच गाडी चालवतात. ती सुटली की स्टेशन रिकामं. पोरं गेटला पोट टेकवून उभी, ऑपरेटर खांबाला पाठ लावून उभा, ट्रॅककडे कुणीतरी बघतंय. गाडी आली की आतले उतरणार, ठेवलेल्या बॅगा-चपला शोधणार, मग पुढचे बसणार, प्रत्येकाचा सेफ्टी बार ओढून बघणार, आणि मग कुठे परत सुटणार. बाहेर बोर्डवर एक तास वेटिंग. नवीन माणसाला वाटतं बापरे काय गर्दी! गर्दी कसली, माणसं पूर्वीपेक्षा कमीच आलेली असतात, पण रांग बघून पार्क भरल्यासारखा वाटतो आणि एक तास उभा राहिलेला माणूस वैतागून परत यायचं नाव घेत नाही.

मग दुसरी गाडी कुठे जाते? शेडमध्ये. तिची चाकं पहिलीला लावलेली असतात, सीटवरचे बार काढून इकडे बसवलेले असतात. चाकांवर पॉलियुरेथेनचा, म्हणजे कडक रबरासारख्या प्लास्टिकचा थर असतो, तो झिजतो, सोलून निघतो, ती सतत बदलावीच लागतात. त्यात बऱ्याचदा राइड बनवणारी कंपनीच उरलेली नसते. लोखंडी पाइपचे ट्रॅक ज्यांनी रूढ केले, १९५९ सालचा डिस्नीलँडचा मॅटरहॉर्न कोस्टर ज्यांनी बांधला, त्या ॲरो डायनॅमिक्सचं २००१ मध्ये दिवाळं निघालं. मोठे पार्क लागेल तो पार्ट मुद्दाम बनवून घेतात, खर्च करतात. छोटा पार्क दुसऱ्या गाडीचा पार्ट काढतो. एकदा ही सवय लागली की ती गाडी परत ट्रॅकवर येत नाही, मी तरी आलेली ऐकली नाही.

लाकडी कोस्टर तर आणखी बोलके. त्यांचा ट्रॅक म्हणजे फळ्यांचे एकावर एक थर आणि वर लोखंडी पट्टी. लाकूड उन्हाने, पावसाने, गाडीच्या धक्क्याने हलत राहतं, बोल्ट ढिले होतात, म्हणून गेट उघडायच्या आधी रोज कुणीतरी तो अख्खा ट्रॅक पायी फिरून तपासायचा असतो आणि दर हिवाळ्यात किंवा ऑफ सीझनला थोडा थोडा भाग नव्याने बांधायचा असतो. नीट सांभाळलेला लाकडी कोस्टर जवळून बघितला तर ठिगळ ठिगळ दिसतो, जुन्या राखाडी फळ्यांच्या मध्ये कुठे पिवळ्या, कुठे हिरवट नव्या फळ्या. कुठेच नवीन फळी दिसत नाही, सगळं एकसारखं राखाडी आहे, फोटोला मस्त विंटेज वाटतंय, तर समजायचं की इथे पैसे लागणं थांबलंय.

आता मालकाच्या बाजूनेही बघू, कारण सगळेच काही नालायक नसतात. या धंद्यात दहा माणसं आली काय आणि दहा हजार आली काय, इन्शुरन्स, वीज, सुरक्षा, तपासणी, पगार हे लागतातच. थंडी असते तिथे तर कमाईचे महिने मोजून चार-पाच, त्यातले चार शनिवार-रविवार पावसात गेले की वर्ष गेलं. आणि लोकांना दर दोन-तीन वर्षांनी नवीन काहीतरी लागतं. नवीन मोठी राइड घ्यायची तर कर्ज, नाही घ्यायची तर लोक म्हणणार तेच तेच आहे. मग स्वस्त सीझन पास काढतात, सुरुवातीला रोख पैसे हातात येतात, बरं वाटतं, पण पासवाला माणूस एकदा तिकिटाचे पैसे देऊन वर्षभर येत राहतो आणि आत फारसा खर्च करत नाही, झीज मात्र होतेच. मग खर्च कुठे कापायचा? आधी लाइव्ह शो, मग फुलझाडं, मग रंगकाम, मग मेंटेनन्सची माणसं. मेंटेनन्सवर वाचवलेला पैसा त्या वर्षी कुठेच दिसून येत नाही ना, म्हणून तो वाचवावासा वाटतो. एक मात्र म्हणीन, बिघडलेली राइड सरळ बंद ठेवणारा पार्क मला तिथल्या तिथे ठोकून चालवणाऱ्यापेक्षा शंभर पटीने बरा वाटतो.

या सगळ्याचं माझ्या डोक्यात कायमचं बसलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोमधलं जिऑगा लेक. तळ्याकाठची जुनी पिकनिकची जागा, १८८०च्या दशकापासूनची, बिग डिपर नावाचा १९२५चा लाकडी कोस्टर, म्हणजे आजूबाजूच्या दोन शहरांतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जातात असा गावाकडचा पार्क. तळ्याच्या पलीकडे १९७० पासून सीवर्ल्ड, तिथे मासे आणि डॉल्फिन. दोन्ही आपापलं चालवत होते. मग १९९५ मध्ये तो पार्क एका वाढत्या कंपनीने घेतला, पुढे तीच कंपनी सिक्स फ्लॅग्ज झाली, २००० साली त्यांनी एकाच सीझनमध्ये चार नवे कोस्टर टाकले, चार! पुढच्या वर्षी पलीकडचं सीवर्ल्ड विकत घेऊन दोन्ही जोडून टाकले आणि वर्ल्ड्स ऑफ ॲडव्हेंचर असं दणदणीत नाव दिलं. प्राणी, वॉटर पार्क, कोस्टर सगळं एका तिकिटात. कागदावर ऐकायला भारीच आहे. पण तेवढी माणसं येणार कुठून? रस्ते तेच, आसपासची वस्ती तीच, आणि त्याच राज्यात सीडर पॉइंटसारखा दादा पार्क.

२००४ मध्ये, सीझन तोंडावर आलेला असताना, त्यांनी तो सीडर पॉइंटच्याच मालक कंपनीला १४.५ कोटी डॉलरना विकला. प्राणी दुसरीकडे हलवले. सुपरहिरो आणि कार्टूनची नावं वापरायचा हक्क आधीच्या कंपनीकडे, त्यामुळे सगळीकडून ती चित्रं खरवडून काढावी लागली, बॅटमॅनच्या नावाचा कोस्टर डॉमिनेटर झाला, सुपरमॅनचा स्टील व्हेनम झाला, पार्कला जुनं जिऑगा लेक नाव परत मिळालं. मला हा भाग वाचताना फार वाईट वाटतं खरं तर, कारण जुनं नाव परत आलं म्हणून तिथल्या लोकांना आनंदच झाला असणार. पण नव्या मालकाने २००६ मध्ये पॅरामाउंटचे पार्क विकत घेतले, त्यात ओहायोमधलाच किंग्ज आयलंड होता, म्हणजे डोक्यावर मोठं कर्ज आणि एकाच राज्यात तीन पार्क. तिघांतला धाकटा कोण ते सांगायला नको. २००६चा सीझन संपल्यावर दोन मोठे कोस्टर उचलून दुसऱ्या पार्कांकडे पाठवले. माझ्या मते निकाल तिथेच लागला. ज्या पार्कमधून राइड बाहेर जातायत आणि आत काहीच येत नाहीये तो पार्क म्हणजे मालकासाठी गोडाऊन झालेला असतो.

आणि मग शेवट. १६ सप्टेंबर २००७ ला, रविवारी, सीझनचा शेवटचा दिवस. लोक आले, बसले, फिरले, पुढच्या वर्षी येऊ म्हणत घरी गेले. २१ सप्टेंबरला कंपनीने जाहीर केलं की राइडवाला भाग कायमचा बंद, फक्त वॉटर पार्क चालू राहील. पाच दिवसांनी! शंभराहून जास्त वर्षांचा पार्क आणि शेवटचा दिवस शेवटचा आहे हे आलेल्यांना माहीतच नाही. कंपनीची बाजू मला कळते, आधी सांगितलं तर लोक पाट्या काढून नेतात, स्टाफ सोडून जातो, गर्दी आवरत नाही. तरी मला हे पटत नाही. टोकियोच्या तोशिमाएनने करोनाच्या काळातसुद्धा आधी जाहीर करून ३१ ऑगस्ट २०२० ला पार्क बंद केला, लोक ठरवून निरोप द्यायला आले, तिथलं १९०७ साली जर्मनीत बनलेलं लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड नीट सुटं करून ठेवलं. जमतं की मग.

जपानमध्येच उलटंही आहे म्हणा. नारा ड्रीमलँड १९६१ला उघडला, डिस्नीलँडची जवळजवळ झेरॉक्सच, तसाच किल्ला, तशीच मेन स्ट्रीट. १९८३ मध्ये खरं डिस्नीलँड टोकियोत आलं आणि २००१ मध्ये शेजारी ओसाकाला युनिव्हर्सल स्टुडिओज. असली दारात आल्यावर नकलेला कोण विचारतो. २००६ मध्ये बंद, आणि नंतर दहा वर्षं सगळं जसंच्या तसं उभं, २०१६ पासून पाडकाम. फोटोवाल्यांची चंगळ झाली. इंग्लंडमधलं कॅमेलॉट, राजा आर्थरच्या थीमचं, २०१२ मध्ये बंद झालं तेव्हा मालकांनी खराब हवेला आणि ऑलिम्पिकला दोष दिला होता, त्यांचा कोस्टर पुढे २०२० पर्यंत तसाच हायवेवरून दिसत होता. या जातीच्या राइडना शौकीन लोक एसबीएनओ म्हणतात, म्हणजे 'स्टँडिंग बट नॉट ऑपरेटिंग', उभी आहे पण चालत नाही या अर्थी.

जमिनीचं राहिलंच. अमेरिकेतले बरेच जुने पार्क ट्राम कंपन्यांनी काढले होते, सुट्टीच्या दिवशी ट्राम रिकाम्या धावू नयेत म्हणून लाइनच्या शेवटच्या टोकाला. म्हणजे मुद्दामच शहराबाहेर, स्वस्त जागेत. मग शहर वाढत वाढत येऊन पार्कला चिकटतं, जमिनीचा भाव चढतो आणि मालकाला एक दिवस कळतं की आकाशपाळणा फिरवून जे मिळतं त्यापेक्षा तो उतरवून जास्त मिळेल. नॅशव्हिलचं ओप्रीलँड १९९७ मध्ये बंद केलं, २००० मध्ये त्या जागेवर मॉल. असा पार्क मोडका असायचीही गरज नाही, फक्त मॉलपेक्षा कमी कमावणारा असला की पुरे.

बंद पार्कमधल्या राइडचं काय होतं हे मात्र मला सगळ्यात आवडतं बघायला. जिऑगा लेकचा डॉमिनेटर व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियनला जाऊन २००८ पासून चालू आहे. २००६ला उचललेल्या दोघांतला, आडवं झोपवून उडवणारा एक्स-फ्लाइट किंग्ज आयलंडमध्ये फायरहॉक नावाने २०१८ पर्यंत चालला. स्टीलचं तसं बरं असतं, सुटं करा, ट्रकवर चढवा, दुसरीकडे जोडा. लाकडाचं अवघड. बिग डिपर २००८च्या लिलावात पाच हजार डॉलरना गेला, म्हणजे जवळजवळ फुकट, पण घेतला तरी हलवणार कसा, तो तिथेच कुजत राहिला आणि २०१६ मध्ये पाडला. त्याच वर्षी वॉटर पार्कही बंद झाला.

याउलट अमेरिकेतल्याच मेम्फिसचा झिपिन पिपिन. गायक एल्विस प्रेस्लीचा लाडका लाकडी कोस्टर, १९७७ मध्ये मरायच्या आठवडाभर आधी त्याने रात्री अख्खा पार्क भाड्याने घेतला होता. तो पार्क, लिबर्टीलँड, २००५ मध्ये बंद पडला. कोस्टर घेतला विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे शहराने, त्यांच्या महापालिकेच्या मालकीचा पाण्याकाठी साधासा पार्क आहे तिथे त्याच आराखड्यावर बहुतेक नव्या लाकडात परत बांधला, २०११ पासून चालू आहे. जुन्या फळ्या फारशा उरल्या नाहीत मग तो तोच कोस्टर कसा, यावर शौकीन लोक अजून हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर लाकडी कोस्टरमध्ये जुनी फळी तशीही कुठे फार दिवस टिकते.