टेस्टोस्टेरॉन आणि शरीराची ओळख

ठाणे, रविवार रात्र

मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) उपचार म्हणून घेतो. या उपचारांविषयी विचारणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न आवाज आणि दाढी यांच्याभोवती फिरतात. पाळी साधारणपणे पहिल्या काही महिन्यांत थांबते, आवाज वर्षभरात बराच उतरतो आणि औषध बंद केले तरी पूर्ववत होत नाही, दाढी पुरती भरायला मात्र चार-पाच वर्षेही लागू शकतात. माझ्या बाबतीत सर्वांत खोलवरचा बदल यांपैकी कोणताच नव्हता. स्वतःचे शरीर परके वाटणे हळूहळू ओसरत गेले, हा तो बदल.

आज राम मारुती रोडवर शिंप्याकडे सदऱ्याचे माप द्यायला गेलो होतो. पूर्वी छातीवरून टेप फिरू लागली की मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर नजर रोखून तारखा वाचत राही, आणि तेवढा वेळ ती छाती, ते खांदे माझ्या लेखी नसतच. आज मास्तरांनी खांद्याला टेप लावून मुलाला आकडा लिहून घ्यायला सांगितला आणि मी सरळ समोर आरशात पाहत उभा होतो. हल्ली मी खांदे पाडून चालत नाही, हे आईनेही परवा बोलून दाखवले.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील इवांका साविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम मला म्हणूनच जवळचे वाटते. त्यांनी सहभागी व्यक्तींना त्यांच्याच शरीराची, पुरुषी किंवा स्त्रैण बाजूला कमी-अधिक झुकवलेली छायाचित्रे दाखवून, यातले प्रत्येक चित्र किती प्रमाणात 'तुम्ही' आहात, असे विचारले. 2019 च्या त्यांच्या अभ्यासात, 'मी' आणि 'माझे शरीर' यांची सांगड घालणाऱ्या मेंदूच्या भागांत उपचारांपूर्वी आढळलेला वेगळेपणा किमान सहा महिन्यांच्या संप्रेरक उपचारांनंतर ओसरून, ट्रान्स नसलेल्या लोकांच्या पातळीजवळ आलेला दिसला. वर्षानुवर्षे ज्याला 'मनाचे खेळ' म्हटले गेले, त्याचा माग मेंदूच्या चित्रांत लागतो, हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून होतो.

तरीही मेंदूच्या या चित्रांना कोणी ओळख ठरवण्याची कसोटी बनवू नये, असे मला कळकळीने वाटते. हे निष्कर्ष लहान गटांच्या सरासरीचे आहेत. एका माणसाचा मेंदू पाहून तो पुरुष आहे की नाही, हे त्यांतून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 15 एप्रिल 2014 च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य करताना शस्त्रक्रियेची अट बेकायदा ठरवली होती.

पूर्वी मी कोणतेही दुखणे अंगावर काढत असे, कारण ज्याला आपले मानले नाही त्याची काळजी घेणे जमत नसे. टेस्टोस्टेरॉनमुळे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाढू शकते आणि ते फार वाढले तर रक्त दाट होते, म्हणून ठरावीक काळाने हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते) तपासावे लागते. मंगळवारी सकाळी नौपाड्यातल्या लॅबमध्ये जाऊन रक्त द्यायचे आहे, आणि या वेळी मला कोणी आठवण करून द्यावी लागलेली नाही.