गोळ्या चालू असताना गट कशाला?

“औषधे नियमित चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, मग त्या गटात कशाला जाता? इतरांचे ऐकून तुम्हालाच पुन्हा तसे विचार येणार नाहीत का?” ओळखीची माणसे मला हे नेहमी विचारतात. प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून उत्तरही नीट द्यावेसे वाटते.

मला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाते. मानसिक आजार असलेली माणसे एकमेकांशी बोलून आधार देतात, अशा एका गटात मी जाते. २०१५ च्या पावसाळ्यात मी जीव देण्याचा प्रयत्न केला. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे दंड संहितेचे कलम ३०९ तेव्हा लागू होते, त्यामुळे पोलिसांच्या धास्तीने घरच्यांनी रुग्णालयात ‘चुकून झाले’ असे सांगितले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला लावले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलम राहिलेच नाही. आमच्या घरात मात्र ‘चुकून’ हाच शब्द रुळला. मरणाचा विचार पुन्हा डोकावला, तरी आईचा चेहरा पाहून मी ‘बरी आहे’ म्हणत असे, कारण खरे सांगितले तर त्या रात्री ती झोपणार नाही हे मला ठाऊक होते.

गटात पहिल्याच दिवशी शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, “अजून मरावंसं वाटतं का गं तुला?” मी म्हणाले, “हो. सकाळी जास्त.” त्या म्हणाल्या, “माझंही सकाळीच असायचं. मग दुपारपर्यंत कोणाला फोन करतेस?” इतका साधा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला मी त्यांना फोन करू लागले. असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणसाला बोलता येते, हे मानसोपचारतज्ज्ञही सांगतात. मी ते अनुभवले आहे.

लिथियम हे बायपोलरवरचे औषध चालू असताना हरतालिकेचा निर्जळी उपवास करू नये, कारण शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते, हेही मला आधी त्या शिक्षिकेनेच सांगितले आणि डॉक्टरांना विचारायला लावले. डॉक्टरांनी दुजोरा दिला. मी उपवास करते हे त्यांना मी कधी सांगितलेच नव्हते.

गट हा औषधाला पर्याय नाही. कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर ती गोष्ट आम्ही आपसांत ठेवत नाही. घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवतो. रात्री-अपरात्री बोलायला सरकारच्या ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क फोनसेवा आहे, तिथे मराठीतूनही बोलता येते. आणि हो, एखाद्या बैठकीनंतर मन जड होते, हे मी नाकारत नाही. पण ते ओझे सांगायला माणसे आहेत, आणि घरी ‘बरी आहे’ म्हणत काढलेल्या दिवसांपेक्षा मला ते पुष्कळ हलके वाटते.

महाराष्ट्रातल्या अशा अनेक गटांत आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. दोन वर्षांनी आईही शुभंकरांच्या बैठकीला येऊ लागली. एके दिवशी परतताना रिक्षात ती म्हणाली, “आज मी तिथल्या बायकांना सांगितलं, माझ्या मुलीने जीव द्यायचा प्रयत्न केला होता.”