पंप चांगला होता, पाइप हवा ओढत होता

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा ऐन भरात होती. होम मैदानाकडचे रस्ते गर्दीने भरलेले, म्हणून मी पहाटे साडेपाचला गाडी पेठेतल्या बोळांतून काढली. मागे कडक भाकरीचे आणि शेंगा चटणीचे खोके. पहिल्याच वळणाला स्टिअरिंग जड झालं आणि बॉनेटखालून घुंऽऽ असा आवाज आला, जात्यात दाणे न टाकता ते फिरवल्यासारखा. दहा मिनिटांनी इंजिन तापलं तसं स्टिअरिंग हलकं झालं, आवाजही दबला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

माझी गाडी जुनी, 2009 सालची डिझेल. तिचं पॉवर स्टिअरिंग ऑइलवर चालणारं. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो टाकीतलं ऑइल दाबाने स्टिअरिंग रॅककडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याकडे, ढकलतो आणि त्या दाबाने चाकं वळायला मदत होते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ऑइलच नसतं, मोटर असते. त्यांच्यात बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर लावून बघावं लागतं. माझ्या गाडीत दिवा नाही. कान आणि मनगटं, एवढंच.

पहिल्या गॅरेजात ऑइल कमी आहे म्हणून वरून भरलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा आवाज. परत गेले तर म्हणाले, "पंप गेला." गळती आहे का बघा म्हटलं, तर गाडीखाली वाकून म्हणाले, "एक थेंब नाही, मग गळती कसली?" मी स्वतः रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. सकाळी तो कोरडाच होता, त्यामुळे मलाही ते पटलं. दुसऱ्या गॅरेजात रॅक बदला म्हणाले. पंपाचा खर्च वेगळा, रॅकचा वेगळा, आणि दोघांनीही स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण काढून आत नीट बघितलं नव्हतं. हे मला फार लागलं. भाकरीच्या पैशांतून गाडी चालते, तिच्यावर अंदाजाने पार्ट बदलून कसं चालेल?

अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे एक वयस्क मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी आधी पुढच्या टायरची हवा मोजली. ती कमी होती, भरली. "हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं अक्का, ते आधी बाजूला काढू." मग इंजिन बंद करून पट्टा दाबून बघितला. सैल नव्हता, घसरून घासल्याची चकाकीही आली नव्हती. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंदच ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठेच अडकलं नाही. म्हणजे जोडण्या किंवा रॅक आतून घासत नव्हता.

मग इंजिन चालू करून त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि मला बोलावलं. "बघा." लालभडक दिसायला हवं ते ऑइल गुलाबी झालं होतं आणि त्यावर बारीक फेस होता, ताक घुसळताना येतो तसा. "पंप ओरडतोय कारण त्याच्या तोंडात ऑइलऐवजी हवा जातेय."

गळती नाही तर हवा आली कुठून, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर मला आयुष्यभर लक्षात राहील. पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या पाइपात दाब असतो, तो फुटला तर ऑइल बाहेर उडतं. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपात मात्र ओढ असते. तिथे चीर पडली तर ऑइल बाहेर येण्याआधी हवा आत जाते. थंडीत ऑइल घट्ट असतं, पंपाला ते ओढायला जोर लागतो, म्हणून पहाटे आवाज जास्त.

खात्रीसाठी त्यांनी त्या पाइपाच्या तोंडाशी, क्लिपच्या कडेने, बोटाने ग्रीसचा जाड थर लावला. अर्ध्या मिनिटात घुरघुर उतरली. टॉर्चच्या उजेडात मी वाकून बघितलं तर रबर दगडासारखं कडक झालं होतं, क्लिपखाली केसासारख्या चिरा, आणि त्यांच्याभोवती जेमतेम ओलावा, त्यावर आपल्या सोलापूरची धूळ चिकटून काळा थर. पुठ्ठ्यावर थेंब का पडत नव्हता ते तेव्हा समजलं. मे महिन्यात 43-44 अंशांत बॉनेटखालचं रबर इतकी वर्षं टिकलं हेच खूप.

नवा पाइप ऑइलला टिकणाराच घ्यायचा, पाण्याचा नळीवजा पाइप नाही, हे अण्णांनी दुकानात फोन करून बजावलं. दोन्ही क्लिपा नव्या. टाकीच्या तळाची जाळी काळ्या गाळाने भरली होती, तीही साफ केली. ऑइल झाकणावर लिहिलेलंच भरायचं. माझ्या गाडीला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल. घाईत कुणी ब्रेक ऑइल ओतलं तर सील फुगून खरंच पंप आणि रॅक दोन्ही जातील, असं ते म्हणाले.

हवा काढायचं काम माझ्याकडून करून घेतलं. पुढची चाकं घोडीवर, इंजिन बंद, आणि मी स्टिअरिंग हळूहळू टोकापासून टोकापर्यंत फिरवत बसले, वीस-बावीस वेळा. पातळी खाली गेली की अण्णा वरून भरायचे. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला मात्र दाबून धरायचं नाही. तिथे दाब सर्वांत जास्त असतो, ऑइल तापतं, म्हणून लगेच परत फिरायचं. तासभर गाडी तशीच उभी ठेवली, उरलेले बुडबुडे वर आले.

पाइप, क्लिपा, ऑइल आणि मजुरी मिळून दीड हजाराच्या आत काम झालं. निघताना अण्णांनी टाकीवर पातळीच्या रेषेशी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. "दर रविवारी बघा."

रविवारी गाडी गार असताना झाकण काढलं. ऑइल लाल, नितळ, खालची जाळी स्वच्छ दिसत होती, आणि पातळी त्या ठिपक्याशीच.