३१ मे, मध्यान्होत्तर

१२ मे

आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी विभागातल्या हेडक्लार्क मॅडम या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या कॉलेजची सेवाज्येष्ठता यादी उघडा, १ जूनचे जन्म ओळीने सापडतील. पोराला शाळेत घालायला आणलं आणि घरच्यांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. नियम असा की महिन्याच्या १ तारखेचा जन्म असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. क्लार्कला वय ५८, शिपायाला ६०. म्हणून सेवापुस्तकात शेवटची ओळ पडते ती '३१ मे, मध्यान्होत्तर'.

म्हणजे जाणती माणसं बाहेर पडतात ती नेमकी प्रवेशाच्या तोंडावर. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, जूनमध्ये खिडकीसमोर रांग असते आणि खिडकीच्या आत माणूस नवा असतो. मॅडमच्या जागेवर कायम माणूस मिळणार नाही, पद रिक्तच दिसत राहील. ग्रंथालयातला ज्युनिअर क्लार्क आमच्याकडे येतोय. मुलगा हुशार आहे, अक्षर चांगलं आहे. पण पुस्तकं देणं-घेणं वेगळं आणि दाखले देणं वेगळं. हातात १९ दिवस आहेत.

१४ मे

मॅडमचे पेन्शनचे कागद पुढे गेलेत, याचं विभागाला समाधान आहे. त्या १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या, म्हणजे जुन्या पेन्शनच्या. हे प्रकरण सहा महिने आधी हलवावं लागतं: कॉलेजकडून उच्च शिक्षण सहसंचालक, तिथून महालेखापाल. विदर्भ-मराठवाड्याचं प्रकरण नागपूरला जातं, बाकीच्यांचं मुंबईला. अडतं ते नेहमी सेवापुस्तकावर. एखाद्या वर्षाच्या सेवा पडताळणीखाली सही नसते, वेतनवाढीची नोंद असते पण वेतन पडताळणी पथकाचा शिक्का नसतो. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव जुळवणारा राजपत्राचा उतारा लावलेला नसतो. निवृत्तीच्या वर्षी हे शोधत बसण्यापेक्षा दर पाच वर्षांनी आपलं सेवापुस्तक आपण एकदा मागून बघावं. सही करणारे प्राचार्य हयात आणि जवळपास असतात तोवर चूक दुरुस्त करणं सोपं असतं.

१७ मे

चार्ज यादी, म्हणजे मॅडमकडून नव्या माणसाकडे काय काय सोपवलं त्याची नोंद, करायला घेतली. शिक्के: गोल एक, आडवे तीन, 'खरी प्रत' दोन, 'शिष्यवृत्ती पात्र' एक. टीसीची (कॉलेज सोडल्याच्या दाखल्याची) पुस्तकं: वापरलेली, चालू, कोरी. चालू पुस्तकात शेवटचा दिलेला क्रमांक कोणता, रद्द किती, कोरी पानं किती, हे आकड्यांत लिहून दोघांच्या सह्या. रद्द केलेली टीसी फाडून टाकायची नसते. आडवी रेघ मारून, 'रद्द' लिहून ती स्थळप्रतीलाच, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या आपल्या प्रतीलाच, टाचायची. एक जरी पान बेहिशेबी निघालं तरी कुणाच्या नावाचा दाखला बाजारात फिरेल सांगता येत नाही.

जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही, हे या सगळ्यांचं मूळ. तिथे व्हाइटनर चालत नाही, खाडाखोड चालत नाही. चुकलं तर लाल शाईची एक रेघ, वर बरोबर नोंद, बाजूला प्राचार्यांची सही आणि तारीख. आधीच्या शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच इथे उतरवायचं, जातीच्या रकान्यात तर अक्षरही इकडचं तिकडे करायचं नाही. याचं कारण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. जात पडताळणी समिती जुन्या नोंदी मागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. म्हणून आज बारावी झालेली मुलगी आजोबांच्या प्राथमिक शाळेत निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) आणायला जाते. आज आपण लिहिलेली ओळ कुणीतरी नातवंड असंच शोधत येणार आहे.

१९ मे

यादीत नसलेली, आणि सगळ्यात जास्त अडचण करणारी गोष्ट आज लक्षात आली: ओटीपी.

महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या, क्लार्क लॉगिनला मॅडमचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला. विद्यापीठाच्या पोर्टलला दुसऱ्या एका सरांचा, जे मागेच बदली होऊन गेले. विभागाच्या ईमेलचा रिकव्हरी नंबर कुणाचा, ते कुणालाच आठवेना. माणूस असेपर्यंत हे खपून जातं. निवृत्तीनंतर मॅडम मुलीकडे जाणार, मग इथे रांग थांबवून 'ओटीपी सांगता का' म्हणून फोन करायचे का? आणि वापरातून गेलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला देते, हा धोका निराळाच.

दिवसभर बसून हे केलं. प्रत्येक पोर्टलचं नाव, लॉगिन, जोडलेला मोबाइल, जोडलेला ईमेल अशी चार रकान्यांची वही. पासवर्ड या वहीत नाहीत, ते बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात. कॉलेजच्या नावावर एक सिम, साध्या बटणांच्या फोनमध्ये, विभागाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. त्याचं रिचार्ज किरकोळ खर्चातून, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर. प्रोफाइलमध्ये नंबर बदलताना जुन्या नंबरवरही ओटीपी जातो, म्हणून ही कामं माणूस खुर्चीत असतानाच उरकायची. तीन ठिकाणी नंबर बदलला. एका ठिकाणी लेटरहेडवर अर्ज द्यावा लागला, तो आजच्या जावकमध्ये गेला.

प्राचार्यांची डिजिटल सही मात्र व्यक्तीच्या नावावर असते. ती कुणाला 'चार्ज' म्हणून देता येत नाही, तिची मुदत कधी संपते एवढंच लिहून ठेवायचं.

२२ मे

नवा क्लार्क आजपासून खिडकीवर, मॅडम बाजूच्या स्टुलावर.

मॅडमच्या टेबलावर एक डबा असतो. त्यात छोट्या चिठ्ठ्या, एका ए-फोर कागदाच्या चार. वर विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ग, खाली बारा कागदांची नावं आणि चौकटी. मुलगा अर्ज घेऊन आला की मॅडम सगळे कागद एकदाच चाळतात, जे नाहीत त्यांवर खूण करतात आणि चिठ्ठी हातात देतात. बस्स. पण या चिठ्ठीमागे पूर्ण विचार आहे. खिडकीवरचा माणूस घाईत पहिली उणीव दिसली की अर्ज परत करतो: 'उत्पन्नाचा दाखला नाही, घेऊन ये.' मुलगा दाखला आणतो, तेव्हा कळतं की गॅप सर्टिफिकेटही (शिक्षणात खंड पडल्याचं) हवं होतं. वाडीवरून एसटीच्या दोन फेऱ्या असलेल्या पोराला याचा अर्थ दोन दिवस, आणि सोबत बाप आला असेल तर दोन दिवसांची मजुरी. मुलींच्या बाबतीत तर तिसऱ्यांदा पाठवतच नाहीत घरून.

चिठ्ठीची मागची बाजूही कामाची. तिथे कुठला कागद कुठे मिळतो ते लिहिलंय: उत्पन्नाचा दाखला सेतूतून, तहसीलदारांच्या सहीचा. बोनाफाईड इथेच, अर्ज दिला की दुसऱ्या दिवशी. एसटीच्या पासला लागणारी सही-शिक्का इथे. पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा, हे अजूनही कितीतरी पालकांना ठाऊक नसतं.

नव्या क्लार्कने दुपारी विचारलं, हे सगळं बोर्डावर लावलेलंच आहे की. मॅडम म्हणाल्या, बोर्ड घरी नेता येत नाही.

२४ मे

मागच्या वर्षाच्या अडकलेल्या शिष्यवृत्त्यांचा गठ्ठा घेऊन बसलो. मॅडमनी दोन ढीग केले: 'अर्जात अडकलेले' आणि 'खात्यात अडकलेले'.

अर्जाचा रस्ता सरळ आहे. विद्यार्थी भरतो, कॉलेज क्लार्क तपासतो, प्राचार्यांच्या लॉगिनमधून पुढे जातो, मग त्या त्या योजनेचा विभाग. भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला अनुसूचित जाती-जमातींसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख. त्रुटी असली की अर्ज विद्यार्थ्याकडे परत जातो आणि तसा मेसेज त्याच्या मोबाइलवर येतो. इथेच खोट आहे. अर्ज भरलेला असतो नेट कॅफेत, आणि कॅफेवाल्याने सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकलेला असतो. पासवर्डही त्याच्याच वहीत. मुलाला वाटतं अर्ज पुढे गेला, तो मात्र महिनाभर त्याच्याच लॉगिनमध्ये दुरुस्तीची वाट बघत पडून असतो. मुदत संपली की कुणाच्याच हातात काही राहत नाही. म्हणून कागद घेताना पहिला प्रश्न: 'अर्जात नंबर कुणाचा टाकलायस?'

खात्याचा ढीग मोठा. पोरं पासबुक आणून दाखवतात, आधार लिंक आहे म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. पण केवायसीसाठी बँकेला आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून आधार सीडिंग होणं वेगळं. सीडिंगसाठी बँकेत संमतीचा स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली राहते, आणि सगळ्यात शेवटी जी जोडली ती खरी. पोराने सिम घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून मोबाइलवरच पेमेंट बँकेचं खातं उघडलं, तिथे संमतीला टिक झाली, की शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन बसते. हा मुलगा इकडे जुनं पासबुक भरून आणतोय आणि रक्कम दिसत नाही म्हणून रडकुंडीला आलाय.

तपासायचं असं: आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, मग 'बँक सीडिंग स्टेटस'. बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत. 'इनॲक्टिव्ह' दिसलं तर बँकेत जाऊन फॉर्म पुन्हा भरायचा आणि चार-पाच दिवसांनी परत बघायचं. ओटीपीच येत नसेल तर आधी आधार केंद्रात मोबाइल नंबर अद्ययावत करावा लागतो, त्यात आणखी काही दिवस जातात.

दुसरा अडथळा शून्य शिलकीच्या 'स्मॉल' खात्यांचा. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाता येत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी आली की रक्कम नाकारली जाते. पूर्ण केवायसी देऊन साधं बचत खातं करून घेतलं की प्रश्न मिटतो.

अनुसूचित जातीच्या मुलांना आणखी एक गोष्ट समोर बसवून सांगावी लागते. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट त्यांच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीही असते. ती ठरलेल्या मुदतीत कॉलेजला भरायची असते. घरात कुणी आजारी असतं, पेरणी तोंडावर असते, पैसे खर्च होतात. मग वर्षाच्या शेवटी थकबाकी म्हणून निकाल किंवा टीसी अडते आणि मुलगा तोंड लपवतो. अशा मुलाला खिडकीवर सगळ्यांदेखत फी विचारू नये. मॅडम त्याला आत बोलावतात आणि हप्ते लिहून देतात. हे कुठल्याही परिपत्रकात नाही.

२७ मे

आज तीन आया एकाच प्रश्नाने आल्या: मुलींना आता सगळं फुकट ना? ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीभूत प्रवेशातून (सरकारच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांतून) आलेल्यांना आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. वसतिगृह, डिपॉझिट, बसभाडं त्यात नाही. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश त्यात नाही. हे प्रवेशाआधी कळलं तर घरचा हिशेब जमतो, नंतर कळलं तर मुलीचं वर्ष जातं.

कमवा व शिकातली, म्हणजे शिकता शिकता कॉलेजात काम करून पैसे मिळवणारी, दोन्ही मुलं आज फायली लावत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी ही योजना ज्या कार्यालयात आहे, तिथल्या क्लार्कला एक पथ्य पाळावं लागतं: या मुलांकडून टेबलं पुसून घ्यायची नाहीत, वर्गमित्रांसमोर चहा आणायला पाठवायचं नाही. कॉम्प्युटरवर नोंदी, फायलींची अनुक्रमणिका, मदत कक्षावर बसणं अशी शिकवणारी कामं द्यायची. हजेरीची नोंद रोजची रोज आणि बिल महिना संपताच. त्या पैशांवर मेस चालते त्यांची.

सूचना फलकावर दोन नंबर पुन्हा ठळक लिहिले: रॅगिंगविरोधी १८००-१८०-५५२२ आणि मनावर ताण असेल तर टेलिमानस १४४१६. पुसट झाले होते.

३१ मे

नो ड्यूज पूर्ण: ग्रंथालय, जिमखाना, पतपेढी, स्टोअर. चार्ज यादीवर तीन सह्या. शाल, श्रीफळ, पेढे. भाषणं फार झाली नाहीत, कारण खिडकीवर मुलं होती आणि मॅडमच म्हणाल्या की आधी त्यांचं बघा. शिपाई मामांनी त्यांच्या खुर्चीची उशी पिशवीत घालून दिली. पाच वाजून दहा मिनिटांनी त्या निघाल्या. टेबलावर चिठ्ठ्यांचा डबा तसाच आहे.

१६ जून

प्रथम वर्षाची रांग जिन्यापर्यंत. ड्रॉवरमधला फोन दिवसभर वाजतोय, ओटीपी येतायत. एक जुना ईमेल अजून हाताशी आला नाही, दुसरा अर्ज दिला. एका मुलीच्या आधारवर 'दीपाली' डबल ई ने आणि दहावीच्या गुणपत्रकावर आय ने. आधार दुरुस्तीला पाठवलं, गुणपत्रक लावून, कारण बोर्डाचा कागद बदलण्यापेक्षा आधार बदलणं लवकर होतं.

दुपारी चिठ्ठ्या संपल्या. नव्या क्लार्कने फाइल उघडली, बारा ओळींच्या खाली तेरावी घातली, 'अर्जातला मोबाइल नंबर स्वतःचा आहे का?', आणि पन्नास कागद छापायला लावले.