श्रिंप नाचायला लागले की मला घाम फुटतो

गेल्या जुलैतली गोष्ट. नाशकात चार दिवस झड लागलेली, नळाला गढूळ पाणी, आणि असं पाणी आलं की क्लोरीनचा वासही जोरात मारतो, हे सगळं माहीत असून अँटीक्लोरीनची (पाण्यातलं क्लोरीन मारायच्या औषधाची) बाटली संपली होती म्हणून मी एक बादली तशीच श्रिंपच्या काचेच्या टाकीत ओतली. म्हटलं काय होतंय एका बादलीने. दहा मिनिटांत सगळे चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या बारक्या लाल कोळंब्या, टाकीभर गरागरा फिरायला लागले. आई म्हणाली, "आज लई नाचताय बघ रे तुझ्या कोळंब्या," आणि मलाही खरंच वाटलं की नवीन पाण्याने खूश झालेत! सकाळी अकरा मेलेले, उकडल्यासारखे पांढरट-गुलाबी.

तेव्हापासून पाणी तपासायचं टेस्ट किट नंतर, आधी श्रिंपकडे बघतो. सकाळी चहा घेऊन पाच मिनिटं टाकीसमोर बसायचं आणि फक्त त्यांचे पुढचे हात बघायचे. बारीक चिमट्यासारखे असतात, त्यांनी शेवाळ, दगड, स्पंज फिल्टर काय मिळेल ते दिवसभर टिपत असतात, टिपलं की तोंडात, टिपलं की तोंडात, आपल्याकडे बायका तांदूळ निवडतात तसं. हात चालू आहेत म्हणजे माझा दिवस चांगला. एखाद-दुसरा गप्प बसला तर चालतं, पण अर्धी टाकी हात थांबवून बसली असेल तर काहीतरी गडबड आहेच.

बरं, पोहणं प्रत्येक वेळी वाईट नसतं, इथेच नवीन माणूस फसतो. मादीने कात टाकली की तिचा वास पाण्यात पसरतो आणि नर तिला शोधत वेड्यासारखे फिरतात. पण तेव्हा फिरणारे फक्त बारके, फिकट रंगाचे नर असतात, जाड लाल माद्या निवांत चरत असतात. पोटाला अंडी असलेल्या माद्यासुद्धा काचेवर आपटत असतील, फिल्टरच्या पाइपवरून वर चढत असतील, तर तो नाच नाही, पाणी बिघडलंय.

कात टाकलेला श्रिंप एक-दोन दिवस मॉसमध्ये (टाकीतल्या शेवाळासारख्या झाडात) लपून बसतो, अंग मऊ असतं बिचाऱ्याचं. पहिल्यांदा ते रिकामं पारदर्शक कवच बघून मला मेलाच वाटला होता, चिमट्याने काढून फेकलं पण, आता नाही काढत, ते स्वतःच कुरतडून खातात. भीती वाटते ती डोकं आणि पाठीच्या मधे गोल पांढरी रिंग दिसली की. कात अडकलेली असते आणि त्यातून वाचलेला माझ्याकडे अजून एकही नाही. पाण्याचा जीएच (म्हणजे जडपणा, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) कमी किंवा एकदम खूप पाणी बदललं की हे जास्त होतं, म्हणून मी जीएच ६ ते ८ ठेवतो आणि पाणी थोडं थोडंच बदलतो.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये इथे ४० पर्यंत जातं, टाकीतलं पाणी ३० च्या वर, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, मग सगळे बुडबुड्यांजवळ नाहीतर वरच्या पाण्याजवळ गोळा होतात. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन डिग्री उतरतं, फक्त उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरायचं, नळाच्या नाही, नाहीतर क्षार वाढत जातात. आणि त्या खोलीत डासांचं लिक्विड लावायचं नाही, त्यातलं औषध यांना विषच, घरचे कितीही ओरडले तरी.

सध्या चार माद्यांकडे अंडी आहेत, पोटाखालच्या पायांनी सतत वारा घालत असतात, तीन-चार आठवड्यांत पिल्लं येतील. आई अजूनही नाचताय म्हणून हाक मारते, पण आता आधी विचारतो, "सगळे का दोन-चारच?" आणि ती चष्मा लावून मोजत बसते.